आत्ममोह : एक विकार आणि आपलें घर

सांप्रत आपल्या तरुण मंडळींच्या बोलण्यांत एक इंग्रजी शब्द वारंवार ऐकूं येतो. दादरला लोकलमध्यें चढावें, तर समोरच्या बांकावरील दोन मुली आपल्या कचेरींतील साहेबाला तें विशेषण लावीत असतात. घरीं यावें, तर पुतणी मैत्रिणीच्या नवऱ्याला फोनवर तेंच बहाल करीत असते. तो शब्द म्हणजे ‘नार्सिसिस्ट’. ज्याचें आपल्याशीं पटत नाहीं तो नार्सिसिस्ट, जो आपलेंच म्हणणें पुढें दामटतो तो नार्सिसिस्ट, जो आरशापुढें जरा अधिक वेळ उभा राहतो तोही नार्सिसिस्ट! वस्तुतः ‘नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ हें मानसोपचारशास्त्रानें लक्षणें ठरवून दिलेल्या एका विकाराचें नांव आहे. रोगाच्या नांवाची शिवी झाली, कीं दुहेरी नुकसान होतें. निरोगी मनुष्य उगाच बदनाम होतो. आणि ज्या घरांत तो विकार खरोखरीच नांदत असतो, त्या घराचें दुःख ‘सगळीच माणसें अशीं असतात’ ह्या एका वाक्यानें बाजूस सारलें जातें.

मी वैद्य नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक झाल्यावर एका शास्त्रीबोवांपाशीं संस्कृताचें अध्ययन केलें, आणि पुढें पस्तीस वर्षें मुलांकडून शब्दरूपें घोकवून घेण्यांत गेलीं. परंतु ज्या स्वभावाची छाया आपल्याच आप्तांच्या संसारावर आयुष्यभर पडलेली पाहिली, त्याविषयीं जाणत्या डॉक्टरांना विचारून आणि चार ग्रंथ चाळून जें उमगलें, तें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांपुढें ठेवण्यास वैद्यकीची पदवी लागूं नये.

प्रथम शब्दाकडेच वळूं. नार्सिसस नांवाचा एक देखणा तरुण पाण्यांत पडलेल्या स्वतःच्या प्रतिबिंबावर लुब्ध झाला आणि त्याच्याच ध्यासानें झिजून मेला, ही ग्रीक कथा रोमन कवि ओव्हिड ह्यानें विस्तारानें सांगितली आहे. डॉ. फ्रॉइड ह्यांनीं १९१४ सालीं ह्या विषयावर निबंध लिहिला, आणि तेव्हांपासून तें नांव मानसशास्त्रांत स्थिरावलें. मराठी परिभाषेंत त्यासाठीं ‘आत्मरति’ हा शब्द योजलेला आढळतो. संस्कृताच्या मास्तराला तो खटकल्यावांचून राहत नाहीं. गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत हाच शब्द आला आहे. पण तेथें तो कोणासाठीं? जो आपल्या ठायींच तृप्त आहे, ज्याला कोणत्याही गोष्टीसाठीं कोणाच्याही तोंडाकडे पाहावें लागत नाहीं, अशा ज्ञानी पुरुषासाठीं! आपण ज्याविषयीं बोलत आहों तो मनुष्य ह्याच्या नेमका उलट आहे. त्याला क्षणोक्षणीं दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागतें. समोरच्यानें मान डोलावली तर तो आहे. नाहीं डोलावली तर आपण आहों कीं नाहीं, अशीच त्याला शंका येते.

ओव्हिडच्या कथेंतही हेंच आहे. त्या तरुणाचें प्रेम स्वतःवर नव्हतें, पाण्यांतल्या प्रतिमेवर होतें. आणि पाण्याला बोट लागलें कीं ती प्रतिमा फुटत होती. म्हणून ह्या लेखापुरता मी ‘आत्ममोह’ हा शब्द वापरतों. मोहांत जी वस्तु नाहीं ती आहे असें वाटतें, आणि ह्या विकाराचें मर्म तेंच आहे.

आपल्याकडील जुन्या शास्त्रकारांना ‘मी’चे हे खेळ अपरिचित नव्हते. सांख्यांनीं अहंकार हें तत्त्व सर्वांच्याच ठिकाणीं मानिलें; तो रोग नव्हे, ‘मी’ म्हणण्याचें साधन आहे. पतंजलींनीं पांच क्लेश सांगितले, त्यांत अविद्येच्या पाठोपाठ अस्मितेला बसविलें. गीतेच्या सोळाव्या अध्यायांत आसुरी संपत्तीच्या पुरुषाचें जें वर्णन आहे, त्यांत तो आज मिळविलेल्या आणि उद्यां मिळवावयाच्या वस्तूंची मोजदाद करतो आणि आपल्यासारखा दुसरा कोण आहे असें विचारतो. परंतु शास्त्रकारांची दृष्टि मोक्षाची होती, डॉक्टरांची दृष्टि व्यवहाराची आहे. मनुष्याचा स्वभाव इतका ताठर झाला आहे काय, कीं तो स्वतःला आणि भोवतालच्यांना सतत दुःख देतो आणि अनुभवानेंही बदलत नाहीं, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेनें १९८० सालीं ह्या विकाराला आपल्या निदानग्रंथांत प्रथम स्वतंत्र स्थान दिलें. त्यांनीं नऊ लक्षणें सांगितलीं असून त्यांपैकीं निदान पांच, तीं देखील तरुणपणापासून आणि सर्व प्रकारच्या प्रसंगीं दिसत असावीं, अशी अट घातली आहे. तीं आपल्या घरगुती भाषेंत सांगावयाचीं तर अशीं : आपल्या कर्तृत्वाची अवास्तव कल्पना; अमर्याद यश, सत्ता, बुद्धि किंवा रूप ह्यांचे मनोरे; आपण असामान्य आहों आणि असामान्यांनाच आपली पारख होईल हा समज; स्तुतीची न भागणारी भूक; आपल्याला सर्वत्र अग्रमान मिळालाच पाहिजे ही अपेक्षा; आपल्या कामासाठीं दुसऱ्याचा वापर; दुसऱ्याच्या मनांत काय चाललें आहे ह्याकडे पाठ; दुसऱ्याचा हेवा, अथवा सारें जग आपला हेवा करतें ही समजूत; आणि उद्धटपणा.

ही यादी वाचतांच प्रत्येक वाचकाच्या डोळ्यांपुढें कोणी ना कोणी उभा राहील, आणि येथेंच थांबावयास हवें. ह्यांतील दोन-तीन लक्षणें आपल्यापैकीं पुष्कळांत सांपडतील. परीक्षेंत पहिल्या आलेल्या मुलांत, नव्या नवरदेवांत आणि निवडणुकीच्या उमेदवारांत तीं कांहीं काळ अधिकही दिसतात! तो विकार नव्हे. अमेरिकेंतील एका मोठ्या पाहणींत शेंकडा ६.२ लोकांत आयुष्यांत केव्हां तरी हा विकार आढळला, पुरुषांत अधिक आणि स्त्रियांत कमी. इतर कित्येक पाहण्यांत हा आंकडा ह्याहून पुष्कळच लहान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अंमलांत आलेल्या वर्गीकरणांत तर अशा स्वभावविकारांच्या निरनिराळ्या जाति ठेवण्याऐवजीं विकार किती तीव्र आहे ह्यावरच भर दिला आहे. सारांश, हें निदान पुष्कळ वेळां भेटून, पुष्कळ विचारपूस करून तज्ज्ञानेंच करावयाचें असतें. फोनवर ऐकलेल्या तक्रारीवरून तें करतां येत नाहीं.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हा विकार नेहमींच गर्जत येतो असें नाहीं. त्याचें एक मुकें रूपही तज्ज्ञ वर्णितात. असा मनुष्य मिरवीत नाहीं. तो सदैव दुखावलेला असतो. जगानें आपली कदर केली नाहीं, हें त्याचें पालुपद. परंतु येथें एकत्र कुटुंबांत फार सावध राहावें. चौदा माणसांचा स्वयंपाक करून जिला कोणी ‘बस, जेव’ असें म्हणत नाहीं, ती सून ‘माझी कोणाला किंमत नाहीं’ असें म्हणाली, तर तो विकार नव्हे. ती वस्तुस्थिति आहे. वैद्यकशास्त्राचें नांव दुर्बळाचें तोंड बंद करण्यास वापरूं नये.

आतां मानभंग म्हणजे काय तें पाहूं, कारण ह्या विकाराचें सर्वांत नाजूक स्थान तेंच आहे. त्याचें उत्तम चित्र आपल्याला परकीय ग्रंथांत शोधावयास नको. गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ आपण सर्वांनीं पाहिलें किंवा वाचलें आहे. गडकरी जानेवारी १९१९ मध्यें वारले आणि पुढच्याच महिन्यांत गंधर्व नाटक मंडळीनें तें बडोद्यास रंगभूमीवर आणलें. तेव्हांपासून आपण त्याला दारूबंदीचें नाटक समजत आलों आहों. पण दारूच्या आधीं काय घडतें? सुधाकर हुशार वकील आहे, स्वतःच्या बुद्धीवर वर आलेला आहे, आणि कमालीचा मानी आहे. कोर्टांत मुनसफाशीं त्याचा खटका उडतो आणि त्याची सनद सहा महिन्यांकरितां जाते. सहा महिने म्हणजे कांहीं जन्म नव्हे. घरांत सिंधूसारखी पत्नी आहे, मित्र आहेत. तरीही तो अपमान त्याला सोसवत नाहीं, आणि मनाची आग विसरण्यासाठीं तळीरामाच्या हातचा पेला तो तोंडाला लावतो. म्हणजे आधीं जखम झाली, दारू नंतर आली.

सुधाकराला आत्ममोहाचा विकार होता असें माझें म्हणणें नाहीं. नाटकांतल्या पात्राची नाडी पाहतां येत नाहीं. पण ज्याचें सारें मोठेपण लोकांच्या मान्यतेवर टेकलेलें असतें, त्याला एक धक्का किती खोल जातो हें त्यांत स्पष्ट दिसतें. सामान्य मनुष्याचा अपमान झाला तर त्याला राग येतो, दुःख होतें, आणि चार दिवसांनीं तो कामाला लागतो. आत्ममोहानें ग्रासलेल्या मनुष्याचा अपमान झाला तर त्याच्या पायांखालची जमीनच जाते. म्हणून तो एक तर भडकतो, नाहीं तर सूड घेतो, नाहीं तर अबोला धरून घर गोठवून टाकतो. आणि सिंधु? तिच्या सहनशीलतेवर तीन पिढ्यांनीं अश्रु ढाळले. परंतु त्या सहनशीलतेनें सुधाकर वांचला नाहीं, मूल वांचलें नाहीं आणि ती स्वतःही वांचली नाहीं. ह्याचा विचार आपल्या घरांतून व्हावा तितका झालेला नाहीं.

आतां ज्या आप्तांचा उल्लेख वर केला त्यांच्याकडे येतों. नांवगांव अर्थात् गाळलें आहे. हे माझे थोरले चुलत बंधु. सारें घर त्यांना दादा म्हणे. गिरगांवांतील चाळींत आमचें दोन खोल्यांचें बिऱ्हाड, माणसें अकरा. दादा बुद्धीनें खरोखरच तल्लख होते. मॅट्रिकला शाळेंत पहिले आले, त्या दिवशीं आजीनें त्यांची दृष्ट काढली, आणि त्यानंतर तिनें ती रोजच काढली असें म्हटलें तरी चालेल. दुधावरची साय दादांची. खिडकीजवळची जागा दादांची. ते अभ्यासाला बसले कीं गॅलरींतून चालणाऱ्यांनीं चपला हातांत घ्यावयाच्या. त्यांच्या पाठचा भाऊ परळच्या एका छापखान्यांत खिळे जुळवावयास लागला आणि त्याच्या पगारांतून दादांची कॉलेजची फी जाऊं लागली. हें सर्व वडीलधाऱ्यांनीं प्रेमानें आणि घराच्या भल्यासाठीं केलें, ह्यांत मला शंका नाहीं.

दादा मोठ्या हुद्द्यावर चढले, दादरला जागा घेतली. पाहुण्यांना ते मोठे दिलदार वाटत. घरांत मात्र निराळा प्रकार होता. एकदां जेवावयास आलेल्या स्नेह्यानें दादांच्या बढतीचें अभिनंदन करण्याआधीं वहिनींच्या आमटीची वाखाणणी केली. पाहुणे गेल्यावर दादा आठ दिवस वहिनींशीं बोलले नाहींत. मुलगी तापानें फणफणली असतां तिला दवाखान्यांत नेलें, तर परत आल्यावर त्यांच्या बोलण्यांत मुलीचा ताप नव्हता. तेथल्या तरुण डॉक्टरनें आपल्याला ओळखलें नाहीं, हाच विषय रात्रीं अकरापर्यंत चालला. लग्नपत्रिकेंत नांवांचा क्रम चुकला म्हणून मामांच्या घराशीं संबंध तुटले. पाठच्या भावाच्या साठीच्या समारंभांत दादांनीं पाऊण तास भाषण केलें आणि त्यांत भावाचें नांव एकदांच आलें. छापखान्याचा पगार तर त्यांना आठवलाच नाहीं. तें त्यांनीं मुद्दाम केलें नाहीं. ती गोष्ट त्यांच्या मनांत कोठें नोंदलीच गेली नव्हती.

एवढ्यावरून मी त्यांना दुष्ट म्हणून सोडून दिलें असतें. पण ते सेवानिवृत्त झाले, फोन वाजेनासा झाला, आणि दोन महिन्यांच्या आंत तो मनुष्य वाळून गेला. एके रात्रीं ते अंथरुणावर उठून बसले आणि वहिनींना म्हणाले, “आतां मी कोणीच नाहीं.” सकाळीं पुन्हां पूर्ववत् हुकूम चालू! वहिनींनीं हें मला पुढें सांगितलें तेव्हां ह्या विकारासंबंधीं डॉक्टर लोक जें म्हणतात त्याचा अर्थ प्रथम उलगडला. आंत ‘मी’ फार मोठा असतो म्हणून हीं माणसें अशीं वागतात असें आपण समजतों. खरें पाहतां आंत फार थोडें असतें, आणि तें उघडें पडूं नये म्हणून बाहेरचा डोलारा रात्रंदिवस सांवरावा लागतो.

हा पोकळपणा येतो कोठून? कांहीं भाग जन्मजात स्वभावाचा असतो. कांहीं भाग बाळपणाचा. बाळपणाविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहेत. कोहूत ह्यांच्या मतें मुलाला आपल्या आईबापांच्या डोळ्यांत आपल्याविषयींचा आनंद दिसावा लागतो. तो योग्य वेळीं दिसला नाहीं तर तें मूल मोठेपणींही तोच शोधीत फिरतें. कर्नबर्ग म्हणतात कीं, आईबापांच्या कोरडेपणापासून बचाव म्हणून मूल स्वतःची एक भव्य मूर्ति रचतें आणि तिच्या आड लपतें. नेदरलंडमधील संशोधकांनीं ७ ते ११ वर्षांच्या ५६५ मुलांची आणि त्यांच्या पालकांची वेळोवेळीं पाहणी करून २०१५ सालीं जो निष्कर्ष मांडला, तो आपल्या घरांना फार लागू पडणारा आहे. ‘आमचें मूल इतरांहून श्रेष्ठ आहे’ असें मानणाऱ्या पालकांच्या मुलांत आत्ममोहाचीं लक्षणें वाढत गेलीं. उलट जे पालक मुलाला माया देत होते, त्यांच्या मुलांत स्वतःविषयींचा निरोगी विश्वास वाढला. म्हणजे माया आणि मखर ह्या दोन निराळ्या वस्तु आहेत.

मखराचा शब्द सहज आला, पण तो गिरगांव-लालबागच्या माणसाच्या तोंडीं यावयाचाच. मुंबईंतील सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ सालीं आमच्या गिरगांवांतील केशवजी नाईकांच्या चाळींत सुरू झाला. आणि लालबाग-परळच्या कारखान्यांत मूर्ति कशी घडते हें आम्ही लहानपणापासून पाहत आलों. आपण मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करतों, तिला मखरांत बसवितों, नैवेद्य दाखवितों. आणि दीड दिवसानें, पांच दिवसांनीं किंवा अनंत चतुर्दशीला त्याच हातांनीं तिला चौपाटीवर नेऊन निरोप देतों. ह्या विधींतलें शहाणपण आपण माणसांच्या बाबतींत विसरतों. घरांतल्या एखाद्या मुलाला एकदां मखरांत बसविलें, कीं तो साठ वर्षांचा होईतों आरती चालूच राहते. त्याला खालीं उतरूं देणारा कोणी नसतो. मग त्याला जमिनीवर चालावयाची संवय कशी राहावी? आणि पूजा ही मूर्तीची असते. मूर्तीच्या आंतल्या मुलाला भूक लागली आहे काय, भीति वाटते आहे काय, हें कोणी विचारीत नाहीं. दादा दहावे आले असते तर आजी त्यांना जवळ घेती कीं नाहीं, हा प्रश्न त्यांनीं मनांत कितीदां विचारला असेल कोण जाणे.

शाळेंत निकालाच्या दिवशीं हें मला प्रतिवर्षीं दिसे. एक बाप मुलाला म्हणे, “तुझ्यासारखा सबंध वर्गांत कोणी नाहीं.” दुसरा म्हणे, “ह्या वेळीं रोज पहांटे उठलास, त्याचें फळ मिळालें. चल, आईला सांगूं.” दोघेही आनंदांतच होते. पण पहिल्या मुलाला त्या क्षणापासून वर्गांतली इतर चाळीस मुलें शत्रु झालीं, आणि दुसऱ्याला घरीं जावयाची घाई झाली. बाप ओरडण्यापेक्षां न ओरडण्याचे परिणाम अधिक वाईट होतात असें म्हणणारे पुष्कळ आहेत. मी त्यांतला नव्हे. मुलाला रागें भरूनही त्याला माया देतां येते, आणि त्याची स्तुति करूनही त्याला एकटें पाडतां येतें, एवढेंच माझें निरीक्षण आहे.

आतां उपायाकडे येऊं. ह्या विकारावर स्वतंत्र असें औषध नाहीं. त्याबरोबर येणारी खिन्नता, निद्रानाश, व्यसन ह्यांवर औषधोपचार होतात; मूळ स्वभावावर मात्र तज्ज्ञाशीं नियमानें आणि दीर्घ काळ केलेल्या संभाषणरूप उपचाराचाच मार्ग आहे. अडचण अशी, कीं ज्याला उपचार हवे त्याला ते अपमानास्पद वाटतात. तो येतो तेव्हां बहुधा पडझडीनंतर येतो : नोकरी गेली, बायको सोडून गेली, किंवा शरीर थकलें म्हणजे. वाढत्या वयांत कांहींचा ताठा थोडा उतरतो असाही अनुभव आहे.

आपल्या परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. वाहिया आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं पातंजल योगांतील कल्पनांच्या आधारें मनोविकारांवर उपचारपद्धति बसविली आणि १९६६ सालीं ब्रिटनमधील मानसोपचाराच्या प्रतिष्ठित नियतकालिकांत तिच्यावर लेख प्रसिद्ध केला. तो प्रयत्न आत्ममोहासाठीं नव्हता, इतर मानसिक आजारांसाठीं होता. म्हणून त्याचा येथें अधिक दाखला देणें अप्रामाणिकपणाचें होईल. तरी ‘मी’ची पकड सैल करणें हें ज्या शास्त्राचें ध्येय, त्याकडे परळच्या डॉक्टरांनीं साठ वर्षांपूर्वीं वैद्यकाच्या दृष्टीनें पाहिलें होतें, ह्याचें मला समाधान वाटतें.

घरच्यांनीं काय करावें हें मला वहिनींकडून शिकावयास मिळालें. त्यांना छातींत धडधड होऊं लागली, झोंप उडाली. हृदय तपासलें तर तें ठणठणीत निघालें. तेव्हां डॉक्टरांनीं त्यांना मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे पाठविलें. वहिनींनीं सर्व हकीकत सांगून विचारलें, “ह्यांना हा रोग आहे का हो?” बाईंनीं उत्तर दिलें, “जे माझ्यासमोर आलेले नाहींत त्यांना मी नांव देणार नाहीं. पण तुम्ही आलां आहांत. तुमचें काय होतें तें पाहूं.” मला हें उत्तर फार शहाणपणाचें वाटलें. चाळीस वर्षांत वहिनींना हा प्रश्न कोणीं विचारला नव्हता.

त्यानंतर त्यांनीं ज्या गोष्टी केल्या त्या दिसण्यांत अगदीं लहान आहेत. दादा मोठे कीं लहान ह्या वादांत त्यांनीं शिरणें सोडलें. खोटी स्तुति बंद केली. पण दादांनीं खरोखर चांगलें काम केलें, तर तेवढ्याच कामाला चांगलें म्हणूं लागल्या. आवाज चढला कीं त्या शांतपणें म्हणत, “मी गॅलरींत बसतें. हळू बोलावेंसें वाटलें कीं हांक मारा.” आणि खरोखरच जाऊन बसत. पहिल्या दिवशीं दोन तास बसावें लागलें. आपल्या निवृत्तिवेतनाचें पुस्तक त्यांनीं स्वतःकडे घेतलें. नातवंडांना ‘आजोबांना म्हणून दाखव, नाहीं तर ते रागावतील’ असें सांगणें बंद केलें. आणि आठवड्यांतून दोन दिवस त्या शिवाजी पार्कावर मैत्रिणींबरोबर फिरावयास जाऊं लागल्या. तेव्हां सगळा गोतावळा चकित झाला, आणि कांहीं जणांनीं मला मध्यस्थीला बोलाविलें. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, मी त्यांना सोडलेलें नाहीं. मी फक्त त्यांची सांवली व्हायचें सोडलें आहे.” माझ्यापाशीं त्यावर बोलावयास कांहीं नव्हतें, आणि मध्यस्थी तेथेंच आटोपली.

दादा बरे झाले असें कोणी समजूं नये. झोंपेच्या तक्रारीसाठीं ते स्वतः एका मनोविकारतज्ज्ञांकडे चार वेळां गेले, आणि ‘पोरगा अजून कच्चा आहे’ असा शेरा देऊन जाणें थांबविलें. वर्षानें मात्र, कोणी न सांगतां, त्याच कच्च्या पोराकडे पुन्हां गेले, अजूनही जातात. तेथें काय बोलतात तें आम्ही विचारीत नाहीं. आवाज चढतो, पण पूर्वीपेक्षां लवकर उतरतो. गेल्या दिवाळींत त्यांनीं पाठच्या भावाला फराळाचा डबा स्वतः नेऊन दिला आणि अर्धा तास बसून परत आले. छापखान्याचा विषय निघाला कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं.

ज्या घरांत गोष्ट ह्याहून पुढें गेली असेल, जेथें मारहाण, धमकी किंवा सततची मानखंडना असेल, तेथें समजूतदारपणाचा उपदेश करणें हें पाप होय. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानें शिवीगाळ आणि मानसिक छळ ह्यांनाही हिंसाचारच मानलें आहे, आणि त्याविरुद्ध स्त्रीला दाद मागतां येते. ‘त्याला विकार आहे’ ह्या सबबीखालीं कोणीं मार खावा असें कोणतेंही वैद्यकशास्त्र सांगत नाहीं. कोणाशीं बोलावें हेंच ज्यांना सुचत नसेल त्यांच्यासाठीं सरकारनें २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही फोनवरील विनामूल्य सेवा चालविली आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून मराठींतूनही बोलतां येतें.

समजून घेणें आणि सोसून घेणें ह्या दोन क्रिया आपल्या घरांतून फार दिवस एकच मानल्या गेल्या. आजारी मनुष्य आजारी आहे हें ओळखावें, त्याच्या आंतल्या भीतीची कींव करावी, त्याला आपलें म्हणावें. पण त्याच्या मोहाला रोज नवा नैवेद्य दाखवीत बसूं नये. आणि आज आपल्या घरांत जीं लहान मुलें रांगत आहेत, त्यांना पहिल्या क्रमांकानंतर जसें जवळ घ्यावयाचें तसेंच नापास झाल्या दिवशींही घ्यावें. तें जवळ घेणें ज्या मुलाला मिळालें, त्याला पुढें जगाकडून आरती ओवाळून घेण्याची फारशी गरज पडत नाहीं, असें मला माझ्या जुन्या विद्यार्थ्यांकडे पाहून वाटतें. असो.